सत्तेचाळीस अंश

चंद्रपूरला सत्तेचाळीस म्हटलं
की खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा,
डांबर चपलेला धरून ठेवतं.
इथे न्यूटन गावाबाहेरच्या तळ्यात, मार्चच्या सकाळी,
दोरीला बांधलेला थर्मामीटर मी वर ओढते
तर तोच आकडा.
पट्टी फॅरनहाइटची,
आणि बोटं जांभळी.

डेल्बर्ट उन्रू काठावर, ट्रकमध्ये, हीटर लावून.
डिसेंबरात त्याचा खुबा बदलला,
म्हणून त्याची ट्यूब यंदा माझ्याकडे:
रबराचं कडं, मधोमध कापडी झोळी,
दोन ठिगळं, त्यातलं एक सायकलच्या दुकानातलं.
छातीपर्यंत रबरी विजार, आत लोकरीचे दोन थर,
पायांत बदकाचे पंजे.
"पाण्यात शिरताना पाठ आधी," तो म्हणाला होता,
"नाहीतर तोंडावर पडशील."
गाभाऱ्यातून निघताना देवाला पाठ दाखवत नाहीत
तशी मी कॅन्ससला तोंड करून
तळ्यात उतरले.

हे कुणी आधी सांगत नाही:
ट्यूबमध्ये पुढे जाता येत नाही.
पाय मारावेत तसतसं माणूस मागे सरकतं.
जे सोडलं तेवढंच समोर:
ट्रक, कॉटनवुडची उघडी झाडं,
धान्याची पांढरी कोठारं,
लहान लहान होत.
जिकडे निघालेय तिकडे पाठ.
अकरा वर्षं झाली या देशात,
यावर मी जास्त बोलणार नाही.

बर्फाखाली मेलेले शॅड
वाऱ्यानं या उथळ कोपऱ्यात लोटून आणलेत.
मांजरमासे, डेल्बर्ट सांगतो,
उपाशी उठतात, पण आळसात उठतात,
पळत्याच्या मागे लागत नाहीत अजून.
म्हणून गळाला शॅडचाच तुकडा, चांगला उतरलेला.
वास तीन दिवस नखांत राहतो.
डायलिसिसच्या खोलीत
मी हातमोज्यांवर हातमोजे चढवते
आणि श्रीमती गोअरिंग तरीही विचारतात,
"काय मिळालं?"

थंडी आधी गुडघ्यांना कळते.
मग घोटे निरोप घेतात, न सांगता.
पाऊण तासानं पाय माझे नसतात,
कुणाचे तरी खाली लोंबत असतात अंधारात
आणि मी त्यांची राखण करत बसलेली.
काठावर ट्रकचे दिवे दोनदा लागले, विझले.
करार ठरलेला: दोनदा म्हणजे पुरे, ये आता.

मी गुंडाळायला घेतलं
तर दोरी जड.
झटका नाही, हिसका नाही.
झोपेत कुणी पांघरूण आपल्याकडे ओढून घ्यावं
इतकंच.
मग पुन्हा.
काठी वाकली, ट्यूब सावकाश फिरली,
आणि सकाळपासून पहिल्यांदा
मी पुढे निघाले,
तोंड जिकडे तिकडे,
बांधाकडे, रित्या पाण्याकडे,
एक न दिसणारा प्राणी मला नेत होता
आणि पाण्यावर माझ्या मागून पिवळा उजेड पडत होता,
दोनदा. पुन्हा दोनदा.
मी पाय मारले नाहीत.
खरं सांगते, मारता आले असते.

आला तेव्हा राखाडी, दुभंगल्या शेपटीचा,
अंगावर एक खवलं नाही,
मिशा मात्र हवा चाचपत राहिल्या,
अनोळखी घरात दिव्याचं बटण शोधावं तशा.
पंखाचा काटा अंगठ्यात गेला.
रक्त दिसलं, दुखलं नाही.
मांडीवरच्या कापडावर तो क्षणभर पडून राहिला,
पाण्याइतकाच गार,
मग त्याच पाण्यात गेला.

काठापर्यंत यायला अर्धा तास लागला, उलटं उलटं.
डेल्बर्ट वही उघडून बसलेला,
एकोणीसशे चौऱ्याहत्तरपासूनचे सगळे मार्च तिच्यात.
"किती?"
"सत्तेचाळीस."
"मासा?"
"एक. सोडला."
"दिवे दिसले नाहीत?"
मी थर्मासचं झाकण फिरवत बसले, फिरेना.
त्यानं ते माझ्या हातातून घेतलं, उघडलं,
आणि लिहिलं: ४७. वारा दक्षिणेचा. एक.
थांबला. मग खाली, बारीक अक्षरात:
दिवे सहा वेळा.

हीटरची ऊब बोटांत शिरली
आणि अंगठा ठणकायला लागला.